बुडालेला रोज

गोव्यात वास्कोला खारीवाड्याच्या जेटीवर मासळी निवडणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. तिचा धाकटा मुलगा तिसरी-चौथीत माझ्या वर्गात होता. मुरगाव तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. शेवटच्या दहा-बारा वर्षांत माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं विजापूर, बागलकोट, गदगकडून आलेल्या घरांतली असत. घरात कन्नड, गल्लीत कोंकणी, शाळेत मराठी. त्यांच्या आया मला ‘टीचर’ म्हणत, अजूनही म्हणतात. गेल्या ऑक्टोबरात ही बाई बाजारात भेटली आणि पिशवीच्या तळातून तिने घडी घातलेला कागद काढला. “टीचर, हांगा काय बरयलां तें सांग.” सरकारी इस्पितळाची चिठ्ठी होती. वर ‘आयसीटीसी’, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, आणि खोलीचा नंबर. एचआयव्हीची चाचणी करून घ्यायला तिला बोलावलं होतं. का बोलावलं होतं ते मी इथे लिहिणार नाही.

मी तिला सांगत राहिले की चाचणीला पैसे पडत नाहीत, थोडंसं रक्त घेतात, आधी समजावून सांगतात, नंतर कुणाला कळू देत नाहीत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भंय ना गो टीचर. दीस मोडटा.”

दीस मोडटा. दिवस मोडतो, रोज बुडतो. सकाळी सहाला जेटीवर पोचलं नाही तर तिच्या पाटीपाशी दुसरी बसते. इस्पितळातली ती खोली नऊला उघडते. एक खाडा म्हणजे पाचशे रुपये गेले, आणि लागोपाठ दोन खाडे झाले तर पुढच्या आठवड्यात बोलावणं येईलच असं नाही. ती चिठ्ठी तेव्हा महिनाभर पिशवीत होती. कागदाच्या घड्या मासळीच्या पाण्याने मऊ पडल्या होत्या.

आरोग्याला हितकारक ते लोकांनी करावं म्हणून त्यांच्या हातात रोख पैसे ठेवावेत का, हा प्रश्न मला त्या बाजारात खरा वाटू लागला. त्याआधी तो वाचण्यातला प्रश्न होता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आफ्रिकेत एचआयव्ही रोखण्यासाठी याचे बरेच प्रयोग झाले. त्यांबद्दल जमेल तितकं वाचून आणि माझ्या वर्गातली घरं डोळ्यांसमोर ठेवून माझं एक मत झालं आहे. पैसे द्यावेत, गोव्यातही द्यावेत. मात्र माणसाच्या रक्तात काय निघालं त्यावर ते कधीही ठरू नयेत. इस्पितळापर्यंत यायला आणि मुलीला शाळेत ठेवायला गरीब माणसाच्या पदरचं जे जातं, त्याची भरपाई म्हणून ते द्यावेत.

हे बोलले की पहिला आक्षेप ठरलेला. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंनी तो अगदी कळकळीने घेतला : “ही लाच झाली. स्वतःचा जीव सांभाळायला माणसाला पैसे कशाला हवेत?” त्या बाईंना पगारी रजा होती. मलाही होती. डॉक्टरकडे जायचं तर आम्ही अर्ज लिहायचो आणि महिन्याचा पगार पुरा मिळायचा. आजारपणाच्या रजेचे पैसे घेताना आपण लाच घेतो असं आम्हा दोघींच्या मनात एकदाही आलं नाही. जेटीवरच्या बाईला तोच दिवस कुणी भरून दिला तर त्याला वेगळं नाव का द्यायचं?

आणि रोख मदत गोव्याला नवी नाही. २०१२ पासून लाडली लक्ष्मी योजनेत मुलीच्या नावे एक लाख रुपये मिळतात, गृह आधारमधून गृहिणीच्या खात्यात महिन्याला दीड हजार येतात, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना आणि विधवांना पेन्शन मिळतं, आणि त्या योजनेत एचआयव्हीबाधितांचाही समावेश आहे. देशपातळीवर जननी सुरक्षा योजना २००५ पासून इस्पितळात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देते. टीबीच्या रुग्णाला २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये पोषणासाठी मिळू लागले, २०२४ मध्ये त्याचे हजार झाले. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत लस टोचायला आणलेल्या प्रत्येक बाळामागे आईला किलोभर डाळ दिली गेली. नुसतं लसीकरण शिबिर नियमित भरवलं तेव्हा १८ टक्के बाळांचं लसीकरण पूर्ण झालं. डाळ दिली तिथे ३९ टक्के बाळांचं. त्या आयांना बाळाची काळजी नव्हती असं कुणी म्हणेल का? शेतातलं काम टाकून दुपारभर रांगेत बसणं त्यांना महाग पडत होतं आणि डाळीने ते थोडं स्वस्त केलं.

आता आफ्रिकेकडे येते. मलावी देशात झोंबा नावाचा जिल्हा आहे. तिथे २००८-०९ मध्ये १३ ते २२ वर्षांच्या अविवाहित मुलींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून दरमहा पैसे दिले. मुलीच्या हातात एक ते पाच डॉलर, घराला चार ते दहा डॉलर. काहींना शाळेत हजर राहण्याची अट होती, काहींना कसलीच नव्हती. दीड वर्षाने तपासलं तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलींमध्ये पैसे मिळालेल्यांत १.२ टक्के एचआयव्हीबाधित होत्या, न मिळालेल्यांत ३ टक्के. अट घातली की नाही याने त्या आकड्यात लक्षणीय फरक पडला नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते मात्र पुढच्या एका गोष्टीवर. पैसे मिळालेल्या मुलींचे पंचविशीच्या पुढच्या पुरुषांशी संबंध कमी होते. कुणी त्यांना संयमाचं व्याख्यान दिलं नव्हतं. हातात थोडे पैसे आल्यावर कुणाला नाही म्हणायचं हे त्या ठरवू शकल्या. वयाने मोठ्या पुरुषाला आधीच संसर्ग झालेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याला टाळता येणं हेच त्यांचं संरक्षण ठरलं.

हे वाचताना मला मलावी दिसत नव्हतं. मला माझ्या चौथीतली एक मुलगी दिसत होती. पाढे खडाखड म्हणायची, अक्षर मोत्यासारखं. आठवीनंतर तिचं नाव पटावरून गेलं, आणि दोन वर्षांनी ती मला एका इमारतीच्या जिन्यात भेटली. पाच घरची भांडी करत होती. हातात नवा मोबाईल, कानात नवे डूल. मी सहज विचारलं, रिचार्ज कोण मारून देतं? तिने मान खाली घातली. एवढ्या खालच्या आवाजात ती वर्गात कधी बोलली नव्हती. “एक जण आहे. लॉरी चालवतो.” ती सोळा वर्षांची होती. महिन्याला हजार-बाराशे रुपये तिच्या शाळेत जाण्यापोटी त्या घरात येते तर ती जिन्यात भेटली असती का, हे मी सांगू शकत नाही. पण तिच्या आईने तिला शाळेतून काढलं तेव्हा हिशेब पैशांचाच केला होता, आणि तो हिशेब बदलता आला असता हे मला माहीत आहे.

सगळेच प्रयोग असे यशस्वी झाले नाहीत आणि ते लपवून माझा मुद्दा पुढे जाणार नाही. दक्षिण आफ्रिकेत म्पुमलांगा प्रांतात अडीच हजारांहून जास्त मुलींचा असाच अभ्यास झाला. ८० टक्के हजेरी असेल तर मुलीला आणि पालकांना मिळून महिन्याला ३०० रँड. एचआयव्हीच्या नव्या संसर्गात काहीही फरक दिसला नाही. कारण बघितलं तर तिथे पैसे मिळोत न मिळोत, जवळजवळ ९५ टक्के हजेरी होतीच. सरकारचं बालकांसाठीचं अनुदानही घरोघर पोचत होतं. ज्या मुली शाळा सोडून गेल्या त्यांना मात्र दोन्ही गटांत धोका जास्त होता. यातून मी एवढंच घेते की मुली ज्या उंबऱ्यावरून परत फिरतात तिथे पैसे ठेवले तर उपयोग आहे. गोव्यात गावातल्या घरांतल्या मुली बारावीपर्यंत बहुतेक शिकतातच. झुआरीनगर, बायणा, सडा इथल्या भाड्याच्या खोल्यांतल्या मुलींचं तसं नाही. सरसकट वाटलेल्या पैशाने काही होणार नाही. तो नेमका तिथे गेला पाहिजे.

दुसऱ्या जातीचे प्रयोग वेगळे आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्यांत पैसे ठरतात ते तपासणीच्या निकालावर. टांझानियात १८ ते ३० वर्षांच्या स्त्री-पुरुषांची दर चार महिन्यांनी गुप्तरोगांची तपासणी केली आणि ज्यांना संसर्ग निघाला नाही त्यांना दहा किंवा वीस डॉलर दिले. वर्षाअखेर वीस डॉलरवाल्या गटात संसर्गाचं प्रमाण ९ टक्के होतं, पैसे न मिळालेल्यांत १२. दहा डॉलरचा काही परिणाम झाला नाही. लेसोथोत संसर्ग नसलेल्यांची नावं सोडतीत घातली, बक्षिसं दिली आणि दोन वर्षांत एचआयव्हीचे नवे संसर्ग पाचव्या हिश्श्याने कमी झाले. हे आकडे मी नाकारत नाही. मलावीतच आणखी एका प्रयोगात वर्षभर एचआयव्हीची स्थिती न बदलल्यास बऱ्यापैकी मोठी रक्कम देऊ केली होती. त्याचा परिणाम शून्य निघाला आणि पैसे हातात पडल्यावर लगेच पुरुषांनी जास्त धोका पत्करला. पण समजा हे सगळे प्रयोग यशस्वी झाले असते, तरी मी गोव्यात निकालावर पैसे देण्याला विरोधच केला असता.

ज्या बाईचा नवरा सहा महिने बोटीवर असतो, तिच्या रक्तात काय येईल हे तिच्या वागण्यावर ठरत नाही. ती नेकीने राहिली आणि नवऱ्याकडून संसर्ग आला, तर तिला आजारही मिळणार आणि वर पैसेही नाकारले जाणार. ज्या दिवशी तिला आधाराची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच दिवशी सरकार तिला सांगणार की तू नापास झालीस. शिवाय पैसे मिळाले की नाही यावरून शेजारपाजार निकाल ओळखणार. वस्तीत एकीचे पैसे बंद झाले की सगळ्यांना कळतं, हे शाळेच्या शिष्यवृत्तीच्या वेळी मी दरवर्षी बघितलं आहे.

आणि रक्ताच्या निकालावरून माणसाची वर्गवारी करणं म्हणजे काय हे गोव्याला शिकवायची गरज नाही. १४ फेब्रुवारी १९८९. डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी म्हापशात ताब्यात घेतलं. तो रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा माणसाला वेगळं कोंडून ठेवण्याची तरतूद होती. त्याने कसलाही गुन्हा केला नव्हता. जुन्या टीबी इस्पितळाच्या इमारतीत, दारावर पहारा ठेवून, त्याला ६४ दिवस ठेवलं. त्याची आई लूसी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. सुटून आल्यावर नोकरी राहिली नाही, तरी त्याने १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरी वर्तमानपत्र वाचून वडील म्हणाले होते, “बरं केलं, बाकीचे तरी वाचतील.” माझे वडील कठोर नव्हते. ते घाबरलेले होते, सगळा गोवा घाबरलेला होता. त्या कोंडण्याने कोण वाचलं? रक्त तपासलं तर पोलीस येतात एवढंच लोक शिकले, आणि पुढची कित्येक वर्षं चाचणीपासून लांब राहिले. २००६ मध्ये लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा विचार गोवा सरकारने बोलून दाखवला तेव्हाही तीच भीती परत वर आली. आज २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे. माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच चाचणी करायची आणि निकाल गुप्त ठेवायचा, हे त्यात लिहिलं आहे. निकालावर पैसे ठरवले तर गरिबाची संमती कितपत खरी उरेल? हजार रुपयांची गरज असलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं.

बायण्याची गोष्टही इथेच सांगायला हवी. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची देहविक्रयाची वस्ती जून २००४ मध्ये पाडली. पावसाळा सुरू झाला होता. मी शाळेत होते, आणि त्या आठवड्यात माझ्या वर्गातली काही बाकं रिकामी राहिली ती कायमची. वस्ती गेली, व्यवसाय गेला नाही. बायका लॉजवर, भाड्याच्या खोल्यांत, हमरस्त्याच्या कडेला पांगल्या. निरोध आणि औषधं घेऊन त्या वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या सापडेनाशा झाल्या. त्याच सुमारास गोव्यातल्या अशा तीनशेहून जास्त महिलांची पाहणी झाली तेव्हा जवळपास चारांतल्या एकीला एचआयव्ही होता. ज्यांच्यापर्यंत पोचणं सगळ्यात गरजेचं होतं त्यांनाच आपण आपल्या हाताने दूर लोटलं.

आजही तेच होतं, फक्त कागदाने. गृह आधार असो की सामाजिक सुरक्षा योजना, अर्जासोबत गोव्यात पंधरा वर्षं राहत असल्याचा दाखला लागतो. सरकारी तिजोरीतला पैसा गोंयकारालाच मिळावा ही भावना मी समजू शकते. पण विषाणू दाखला विचारत नाही. ट्रॉलरवरचा झारखंड-ओडिशाचा खलाशी, बांधकामावरचा मजूर, जेटीवरची बाई, यांच्यातल्या कुणाचं नाव त्या यादीत बसणार नाही. एचआयव्हीसाठी पैसे द्यायचे आणि पंधरा वर्षांची अट ठेवायची, तर ज्यांच्यासाठी योजना काढली ते बाहेर राहतील.

मग करायचं काय? मला सुचतं ते साधं आहे. इस्पितळात चाचणीला, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या न्यायला, टीबीच्या तपासणीला, गरोदरपणात दाखवायला, रक्तदाबाच्या तारखेला, कशालाही आलेल्या रोजंदारीच्या माणसाला त्या दिवसाची मजुरी आणि बसभाडं तिथल्या तिथे मिळावं. निकाल काय आला हे पैसे देणाऱ्याला माहीतच नसावं. आलात, दिवस मोडलात, एवढं पुरे. सगळ्या आजारांना एकच भत्ता असेल तर पैसे घेणाऱ्याकडे बघून कुणी काही ओळखणार नाही. आणि खात्यात जमा करायचे असतील तर पासबुकावर योजनेचं नाव कसं छापलं जातं याचा विचार आधी व्हावा. माझ्याकडे बायका पासबुक वाचून घ्यायला येत. “टीचर, हे कसले आले?” ज्यांना टीचर सापडत नाही त्या शेजारच्या पोराकडून वाचून घेतात. त्या ओळीत एचआयव्ही किंवा एड्स असा शब्द छापला गेला तर त्या घराला खोली बदलावी लागेल.

भत्त्याचा उपयोग होतो याची साक्षही मलावीतच आहे. तिथे २००४ मध्ये लोकांची एचआयव्ही चाचणी घरी जाऊन केली, आणि निकाल कळून घ्यायला थोडं चालत जवळच्या केंद्रावर यायचं होतं. काहीच दिलं नाही तेव्हा तिघांतला एक आला. अगदी किरकोळ रकमेची चिठ्ठी दिली तर ते प्रमाण दुप्पट झालं. आणि केंद्र लांब असेल तर लोक कमी येत. तोपर्यंत सगळे जण धरून चालले होते की लोक निकालाला घाबरतात. माझ्या जेटीवरच्या बाईने एका वाक्यात सांगितलं तेच तिथे आकड्यांत निघालं.

एआरटीच्या बाबतीत तर ही भरपाई मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. २००४ पासून ही औषधं सरकार फुकट देतं. गोळ्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. म्हणजे बांबोळीला किंवा मडगावला गोळ्या आणायला गेलेला एक दिवस त्याचा आणि त्याच्या जोडीदाराचा, दोघांचाही जीव राखतो. गोळ्या फुकट, पण वाळपई-काणकोणहून निघालेल्या मजुराचा तो दिवस फुकट नाही. खाडे टाळण्यासाठी माणूस एक खेप चुकवतो, मग दुसरी चुकवतो, आणि गोळ्या तुटतात.

पैसे थांबले की काय, हा प्रश्न बरोबर आहे. झोंब्यात बिनशर्त पैसे मिळालेल्या मुलींचा फायदा योजना संपल्यावर दोनेक वर्षांत विरून गेला. ज्या मुली आधी शाळा सोडून गेल्या होत्या आणि पैशांमुळे परत आल्या, त्यांचं शिक्षण मात्र टिकलं, कारण शिकलेलं परत घेता येत नाही. म्हणून मुलींसाठीचे पैसे आठवी ते बारावी असे सलग पाच वर्षं मिळावेत, मध्येच निवडणूक आली-गेली म्हणून तुटू नयेत. इस्पितळाचा भत्ता तर कायमचाच असायला हवा. पगारी रजा दोन वर्षांनी बंद करू, सवय लागली असेल, असं सरकारी नोकराला कुणी म्हणत नाही. निरोध, समुपदेशन, वस्तीत जाणारे कार्यकर्ते यांच्या जागी हे पैसे नकोत. त्यांच्याशिवाय हे पैसे अर्धेच काम करतील.

ती बाई शेवटी चाचणीला गेली. जूनमध्ये. १ जूनला मासेमारी बंद झाली, ट्रॉलर धक्क्याला लागले, जेटीवर निवडायला मासळी नव्हती आणि बुडायला रोज नव्हता. सकाळी साडेआठला ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चल टीचर, आतां वेळ आसा.” सप्टेंबर ते जून, नऊ महिने चिठ्ठी पिशवीत होती. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत काय बोलणं झालं ते तिचं आहे. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पुढच्या तारखेचा कागद होता, सप्टेंबरातला. बंदी ३१ जुलैला उठते. तिने बोटांवर महिने मोजले, परत एकदा मोजले, आणि रविवारी ती खोली उघडी असते का ते मला विचारलं, “आयतारा उक्तें आसना काय, टीचर?”